जास्त रायबोसोम की वेगळे रायबोसोम? मामांच्या रिपोर्टवरून निघालेल्या प्रश्नाला एका पॅथॉलॉजिस्टचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोल्हापुरात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. मामांची एक किडनी गाठीसकट काढली. रिपोर्ट आला: क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा (किडनीच्या कॅन्सरचा एक प्रकार), ग्रेड ३, न्यूक्लिओलाय (न्यूक्लिओलसचं अनेकवचन) ठळक. त्याच आठवड्यात वर्गात 'स्पेशलाइज्ड रायबोसोम आणि कॅन्सर' यावर सेमिनार झाला. रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र आणि न्यूक्लिओलस म्हणजे त्याचा कारखाना, हे पुस्तकात शिकलेलं. मग ते विचारतात: मामांच्या गाठीत कॅन्सरचे खास रायबोसोम तयार होत असतील का? ते तपासून मिळतं का? त्यावर औषध आहे का? आणि शेवटी, जरा दबक्या आवाजात: प्रोजेक्टला हाच विषय घेतला तर?

मी गेली पंचवीसेक वर्षं स्लाइड बघते. मधली चार वर्षं एका प्रयोगशाळेत फक्त रायबोसोमवर काम केलं, मग घरच्या ओढीनं परत कोल्हापूर. म्हणून उत्तर दोन्ही अंगांनी देते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. कॅन्सरला जास्त रायबोसोम लागतात, हे एक विधान. कॅन्सर वेगळे रायबोसोम वापरतो, हे दुसरं. पहिल्याला शंभर वर्षांहून जुना आधार आहे. दुसरं काही ठिकाणी खरं ठरलंय, काही ठिकाणी घाईनं बोललं गेलंय. मामांचा रिपोर्ट फक्त पहिल्याबद्दल बोलतो.

आधी स्लाइडवर काय दिसतं ते सांगते. या गाठीच्या पेशी भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या दिसतात, कारण आतली चरबी आणि ग्लायकोजेन स्लाइड तयार करताना निघून जातं. मधे निळसर केंद्रक. त्या केंद्रकात एखादी कुंकवाची टिकली लावावी तसा लालसर ठिपका, तो न्यूक्लिओलस. ग्रेड ठरवायचा तो याच टिकलीवरून. एकूण ४०० पट मोठं करूनही ती जेमतेम दिसली, किंवा दिसलीच नाही, तर ग्रेड १. ४०० पटीत स्पष्ट, पण १०० पटीत ठळक नाही, तर ग्रेड २. १०० पटीतच डोळ्यात भरली तर ग्रेड ३. ग्रेड ४ चे निकष निराळे, तिथं पेशींची पार वेडीवाकडी रूपं बघतात. म्हणजे मामांच्या रिपोर्टवर सही करणाऱ्यानं १० चं भिंग लावलं आणि टिकली समोर आली. रोजच्या कामात रायबोसोमचा इतका थेट वापर मला दुसरीकडं सहसा करावा लागत नाही.

आता ती टिकली मोठी का होते? रायबोसोमच्या आरएनएचे जीन एकाच जागी नसतात. १३, १४, १५, २१ आणि २२ या क्रोमोसोमवर त्यांच्या शेकडो प्रती रांगेनं असतात आणि न्यूक्लिओलस त्यांच्याभोवतीच उभा राहतो. तिथं एक लांब आरएनए लिहिला जातो, मग तो कापून १८एस, ५.८एस आणि २८एस हे तुकडे होतात. ५एस बाहेरून, १ नंबरच्या क्रोमोसोमवरून येतो. त्यांच्यावर ८० प्रथिनं चढतात, रायबोसोमच्या लहान भागावर ३३ आणि मोठ्यावर ४७. प्रयोगशाळेत जोमानं वाढणाऱ्या हेला पेशीत हे काम मिनिटाला सुमारे ७५०० अर्धुकं (असे लहान-मोठे भाग) या वेगानं चालतं. टिकली मोठी याचा अर्थ कारखान्यात तिसरी पाळी सुरू झालीये. आत कुठला माल निघतोय, नेहमीचा की नवीन धाटणीचा, हे त्यावरून कळत नाही. शिरोलीत एखाद्या फाउंड्रीच्या धुराड्याकडं बघून आत पंपाचं कास्टिंग ओततायत की ट्रॅक्टरचं, हे सांगता येतं का? तसंच.

ही तिसरी पाळी सुरू करणारे मुकादम ओळखीचे आहेत. मिक हे प्रथिन रायबोसोमच्या बांधणीची जवळजवळ सगळी कळ फिरवतं. एमटॉर हा मार्ग पेशीत खायला-प्यायला भरपूर आहे का हे बघून रायबोसोमची प्रथिनं बनवायला हिरवा कंदील देतो. उलट्या बाजूला पेशीची वाढ रोखणारा पी५३ ब्रेक लावून बसलेला असतो, आणि हा ब्रेक फार हुशारीनं जोडलाय. रायबोसोमची बांधणी बिघडली की आरपीएल५, आरपीएल११ आणि ५एस आरएनए हे तिघं मोकळे राहतात आणि पी५३ ला संपवणाऱ्या एमडीएम२ ला धरून ठेवतात. पी५३ वाढतो, पेशी थांबते. कॅन्सरच्या कितीतरी पेशींत हा ब्रेक आधीच तुटलेला असतो.

इथवर 'जास्त'ची गोष्ट झाली. 'वेगळे'ची गोष्ट अवघड आहे आणि मला जास्त आवडती.

खास रायबोसोम ही कल्पना नवी नाही. १९५८ साली फ्रान्सिस क्रिक यांनाच वाटत होतं की प्रत्येक जीन आपापला रायबोसोम तयार करतो. १९६१ मध्ये ब्रेनर, जेकब आणि मेसेलसन यांनी दाखवलं की तसं नाही. रायबोसोम हे सामाईक यंत्र आहे, जीनचा निरोप आणणारा संदेश-आरएनए येतो-जातो. त्यानंतर कित्येक वर्षं सगळ्यांनी सगळे रायबोसोम सारखे धरले. २०११ मध्ये मरिया बार्ना यांच्या गटानं उंदरांत दाखवलं की आरपीएल३८ हे एकच प्रथिन कमी पडलं तर सगळं प्रथिन-उत्पादन फारसं हलत नाही, पण शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स गटातल्या काही जीनचं भाषांतर, म्हणजे संदेशावरून प्रथिन बनवणं, घसरतं आणि मणक्यांची रचना चुकते. तिथून हा विषय पुन्हा पेटला.

रायबोसोम वेगळा होण्याच्या वाटा मुख्यतः तीन. त्याच्या एखाद्या प्रथिनाचा जीनच बदलतो. किंवा एखादं प्रथिन कमी-जास्त होतं, नाहीतर त्याच्या जागी त्याचं भावंड बसतं. किंवा आरएनएवर ज्या बारीक रासायनिक खुणा असतात, माणसाच्या रायबोसोमवर त्या दोनशेच्या वर आहेत, त्यांतल्या काही गळतात किंवा वाढतात.

पहिल्या वाटेचं माझ्या मते सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे आरपीएल१०. लहान मुलांना होणाऱ्या टी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात सुमारे ८ टक्के रुग्णांत या प्रथिनात एकाच जागी बदल सापडतो, ९८ व्या जागी आर्जिनीन जाऊन सेरीन येतं. २०१३ साली हे पुढं आलं. पुन्हापुन्हा नेमका तोच बदल सापडावा, हा योगायोग नव्हे. जागाही अशी, की रायबोसोम जिथं अमिनो आम्लं एकमेकांना जोडतो त्या गाभ्याच्या लगत. या रायबोसोमचा तोल पेशीला मरू न देणाऱ्या बीसीएल२ कडं झुकतो, जॅक-स्टॅट हा वाढीचा मार्गही चढा राहतो. गंमत अशी की या बदलानं पेशी सुरुवातीला मंदावते. मग ती धडपडत बाकीच्या दुरुस्त्या करून घेते आणि नंतर सुसाट सुटते. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया या जन्मजात रक्ताच्या आजारातही असंच. त्यात रायबोसोमचं एखादं प्रथिन निम्म्यावर येतं, सर्वांत जास्त वेळा आरपीएस१९. मुलाला आधी रक्त कमी पडतं आणि मोठेपणी त्याच रुग्णांत कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतं.

खुणांच्या वाटेवर डीकेसी१ हे जुनं उदाहरण. हा जीन बिघडला की आरएनएवरच्या स्यूडोयुरिडीन खुणा कमी होतात. २००६ मध्ये दाखवलं गेलं की मग पी२७ सारख्या वाढ रोखणाऱ्या प्रथिनाचं भाषांतर अडखळतं. २०१३ मध्ये फ्रेंच गटानं दाखवलं की पी५३ गेला की मिथिल खुणा लावणारं फायब्रिलरिन वाढतं, त्या खुणांचा नकाशा बदलतो आणि रायबोसोम कॅन्सरला सोयीच्या काही संदेशांना झुकतं माप देतो. पण हे तुमच्या मामांना चिकटवू नका. त्यांच्या प्रकारच्या गाठीत पी५३ फारसा बिघडत नाही, मूळ बिघाड बहुधा ३ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या व्हीएचएल जीनमध्ये असतो.

प्रमाणाच्या वाटेवर २०२० चं एक काम मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला लावते. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशी घेतल्या आणि कुठले जीन वाढवले तर उंदरांत त्या जास्त पसरतात हे चाळून काढलं. आरपीएल१५ वर आलं. ते वाढवल्यावर बाकीच्या रायबोसोमी प्रथिनांचं भाषांतरही वाढलं. आता हे 'वेगळे' म्हणायचं की 'जास्त'? माझं मत विचाराल तर दोन्हीची सरमिसळ.

भावंडाच्या वाटेचं चोख उदाहरण कॅन्सरमधलं नाही, उंदराच्या वृषणातलं आहे. २०२२ साली दाखवलं गेलं की शुक्राणू घडवणाऱ्या पेशींत आरपीएल३९ च्या जागी आरपीएल३९एल बसलेले रायबोसोम असतात, आणि ते नसले तर काही प्रथिनांची घडी नीट बसत नाही आणि नर उंदराची प्रजननक्षमता घटते. म्हणजे खास रायबोसोम ही निरोगी शरीराचीच जुनी युक्ती आहे. हेच भावंड काही कॅन्सरमध्येही डोकं वर काढतं.

आता ज्या शंकेसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगते.

करवीर तालुक्यात राहता म्हणजे हंगामात गुऱ्हाळाकडं गेला असालच. समजा पंचक्रोशीत दहा गुऱ्हाळं होती, यंदा पाचच पेटली. सगळ्यांचा गूळ निम्म्यावर येईल का? नाही. रस्त्याला लागून ज्याचा ऊस आहे, ज्याची गाडी दारात उभी आहे, त्याचं आधण वेळेत पडेल. ओढ्यापलीकडच्याचा ऊस शेतातच उभा राहील आणि त्याला तुरा येईल. बाजारात बघणारा म्हणेल, या गावच्या गुळाचा वाणच बदलला, गुऱ्हाळवाल्यांनी काहीतरी वेगळं केलंय. केलं काहीच नाही. काहील तीच, गुळव्या तोच. गुऱ्हाळं कमी पडली एवढंच.

पेशीतही हेच होतं. काही संदेश-आरएनए रायबोसोमला चटकन पकडतात, काही मुश्किलीनं. रायबोसोमची एकूण संख्या बदलली की या दोघांना बसणारा फटका सारखा नसतो. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमियात रक्तपेशींना लागणाऱ्या जीएटीए१ चं भाषांतर घटतं. आधी वाटलं, हे 'खास' रायबोसोम नसल्यामुळं. २०१८ मध्ये बारकाईनं मोजलं तेव्हा दिसलं की रायबोसोमची घडण तशीच आहे, संख्या घटलीये. म्हणून कुणी सेमिनारमध्ये 'अमुक प्रथिन काढलं आणि तमुक संदेशांचं भाषांतर बदललं, म्हणजे स्पेशलाइज्ड रायबोसोम' असं म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारते: एकूण रायबोसोम किती होते ते मोजलं का?

दुसरा प्रश्न: भाषांतर मोजलं कशानं? एकाच आरएनएवर दोन चमकणारी प्रथिनं बांधून मधल्या तुकड्याला 'रायबोसोम थेट उतरण्याची जागा' ठरवायची ही जुनी पद्धत फसवी आहे. त्या तुकड्यात लपलेला प्रमोटर (आरएनएचं लिखाण सुरू करणारी जागा) असेल किंवा आरएनए मधेच कापून जोडला जात असेल, तर दुसरं प्रथिन चमकतंच आणि आपण भलत्यालाच श्रेय देतो. २०२२ मध्ये हॉक्स जीनच्या अशा जागांवर नेमका हाच आक्षेप आला. उंदराच्या मणक्यांचं निरीक्षण त्यामुळं खोटं ठरत नाही, त्यामागचं कारण मात्र पुन्हा शोधावं लागतं.

तिसरा प्रश्न मी स्वतःच्या ठेचेवरून शिकले. प्रयोगशाळेत असताना साखरेच्या चढत्या घनतेच्या नळीत, वर १० टक्के आणि तळाशी ५० टक्के, गाठीचा अर्क घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा आणि हलके-जड रायबोसोम वेगळे करायचे हेच माझं काम. एकदा गाठींच्या नमुन्यांत जड भागात एक प्रथिन जवळजवळ नाहीसंच दिसलं, शेजारच्या निरोगी भागात मात्र जागेवर. तीन आठवडे मी जमिनीवर नव्हते. मग ऑपरेशन थिएटरची नोंदवही मागवली. निरोगी तुकडे निघाल्या निघाल्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गेले होते. गाठ मात्र आधी कापून, बघून, फोटो काढून मग गोठवलेली, मधे पाऊण-एक तास गेलेला. पुढच्या खेपेला दोन्ही तुकडे एकाच मिनिटाला गोठवले आणि माझा शोध विरघळला. तेव्हापासून कुणी गाठीतला रायबोसोम वेगळा आहे म्हटलं की मी घड्याळाचं विचारते.

म्हणजे थोडक्यात माझी कसोटी अशी: रायबोसोममध्ये फरक आहे हे दाखवा, संख्या तीच असताना ठरावीक संदेशांचं भाषांतर त्या फरकामुळं बदलतं हे दाखवा, आणि तो फरक उलटवला तर पेशीची वाढ खाली येते हेही दाखवा. आरपीएल१० या कसोटीच्या बरंच जवळ जातं. बाकी बरीच नावं पहिल्याच पायरीवर उभी आहेत.

आता मामांकडं येऊ. त्यांच्या गाठीतल्या रायबोसोमची जात सांगणारी तपासणी रुग्णालयात कुणी करत नाही, आणि खाजगीत कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर देऊ नका. उपचार त्यावर ठरत नाहीत. पुढचं काय ते गाठ किती सेंटिमीटरची होती, किडनीच्या वेष्टणाबाहेर किंवा शिरेत गेली होती का, गाठीत मृत भाग होता का, लिम्फ नोडचं काय, यावर अवलंबून आहे. ग्रेड ३ हा त्या चित्राचा एक तुकडा, तेवढाच. तो वाचून घरात रडारड करण्यासारखं काही नाही आणि दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

औषधांचं म्हणाल तर रायबोसोमला धक्का देणारी औषधं आपण न ओळखता वर्षानुवर्षं वापरतोय. पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरमध्ये वापरलं जाणारं एव्हरोलिमस एमटॉर दाबतं, म्हणजे हिरवा कंदीलच विझवतं. आतड्याच्या कॅन्सरमधलं ऑक्सॅलिप्लॅटिन सिसप्लॅटिनसारख्या आपल्या भावंडांप्रमाणं मुख्यतः डीएनए फोडून मारत नाही, ते रायबोसोमची बांधणी बिघडवून मारतं, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. ५-फ्लुओरोयुरॅसिलची कथा तर उलट फिरते. ते रायबोसोमच्या आरएनएतच जाऊन बसतं आणि २०२२ च्या एका कामानुसार अशा रायबोसोममुळं काही पेशींना तग धरायला मदत होते. औषधानंच वेगळा रायबोसोम घडवला! रायबोसोमच्या आरएनएचं लिखाण थांबवायला म्हणून बनवलेलं सीएक्स-५४६१ माणसांवरच्या चाचण्यांत गेलं, पण ते पेशी मारतं ते त्या कारणानं की डीएनएचा पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज-२ अडकवल्यामुळं, यावर अजून वाद चालू आहे. यातलं एकही 'फक्त कॅन्सरच्या रायबोसोम'ला ओळखून मारत नाही. मामांना यातलं काही लागेल का, हे त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टनीच ठरवायचं. त्यांच्यासमोर सेमिनारची पीपीटी उघडू नका. रिपोर्टची प्रत आणि गाठीचे पॅराफिन ब्लॉक मात्र मागून घ्या, सही करून मिळतात. घरी आणलेत तर उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते.

राहिला प्रोजेक्ट. रायबोसोमची जात शोधायची तर अल्ट्रासेंट्रिफ्यूज, झुलता रोटर, मास स्पेक्ट्रोमेट्री आणि एका मिनिटात गोठवलेले नमुने लागतात. सहा महिन्यांत ते जमणार नाही, उगाच गाइडच्या मागं लागू नका. 'जास्त'चा प्रश्न मात्र स्वस्तात आणि प्रामाणिकपणे विचारता येतो. संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी काढून जुन्या पॅराफिन ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉनचे काप घ्या आणि चांदीचं रंजन करा, आम्ही त्याला एजी-नॉर म्हणतो. ५० टक्के सिल्व्हर नायट्रेटचे दोन भाग, आणि १ टक्का फॉर्मिक ॲसिडमध्ये विरघळवलेल्या २ टक्के जिलेटिनचा एक भाग, ऐनवेळी मिसळायचे. अंधारात, खोलीच्या तापमानाला साधारण अर्धा तास. न्यूक्लिओलसमधली प्रथिनं चांदी पकडतात आणि पिवळट केंद्रकात काळे ठिपके उमटतात. ग्रेड न बघता प्रत्येक गाठीतल्या शंभर पेशींत त्यांचं क्षेत्रफळ मोजा, मोजून झाल्यावर ग्रेडची यादी उघडा. एकाच स्लाइडवर मित्राकडूनही मोजून घ्या. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तेही प्रोजेक्टमध्ये लिहायचं.

आणि सगळं डिआयनाइज्ड पाण्यात करा, काचसामान धुण्यापासून. माझ्या पहिल्या दहा स्लाइड नळाच्या पाण्यानं गेल्या. त्यातल्या क्लोराइडनं चांदी धरली, पाणी ताकासारखं झालं, आणि भिंगाखाली न्यूक्लिओलस कुठला आणि काजळी कुठली हे मला अजूनही सांगता येणार नाही.